तुर्गेनेव्स्कायाला परत

'मेट्रो २०३३' या गेममध्ये 'कर्स्ड' नावाचा एक टप्पा आहे. मॉस्कोच्या भुयारी रेल्वेचं तुर्गेनेव्स्काया स्टेशन, फलाटावर उरलेली मोजकी माणसं, आणि बोगद्यातून येणारे नोसालिसांचे लोंढे. अणुयुद्धानंतर तयार झालेली ही उत्परिवर्तित जनावरं कळपाने येतात आणि अंगावर झेपावतात. तुमच्याबरोबर आलेला खान सांगतो: बोगदा उडवून दे, एअरलॉक बंद कर. तोवर ती येतच राहतात. गोळ्या संपतात, ती संपत नाहीत. त्या फलाटावर मी हा गेम सोडला आणि कित्येक वर्षं तिकडे फिरकले नाही.

माझ्या मोठ्या भावाने तो केव्हाच पूर्ण केला होता. तो म्हणायचा, "अगं, तिथे मारत नाही बसायचं. सुरुंग लाव आणि पळ." पण मला प्रश्न त्या टप्प्यातून सुटायचं कसं हा नव्हताच. मला त्या आर्त्योमचं, म्हणजे आपण खेळतो त्या नायकाचं, पुढे काय होतंय याच्याशी काही देणंघेणं उरलं नव्हतं. तो बोलत नाही. प्रत्येक टप्प्याच्या आधी, लोडिंग चालू असताना त्याचा आवाज ऐकू येतो, दोन-चार वाक्यांत काहीतरी सांगतो, आणि मग पुन्हा मुका. गोष्ट कुणाची तरी होती, पण माझ्यापर्यंत पोचत नव्हती.

मग दादाने मला कादंबरी दिली. "हे आधी वाच," एवढंच म्हणाला.

दिमित्री ग्लुखोव्स्कीने 'मेट्रो २०३३' २००२ मध्ये स्वतःच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला ठेवली होती. छापील पुस्तक २००५ मध्ये आलं, आणि इंग्रजी अनुवाद २०१० मध्ये, गेम आला त्याच वर्षी. मी इंग्रजीतून वाचली. २०१३ मध्ये अणुयुद्ध झालं, जे तेव्हा मेट्रोत होते ते वाचले, आणि वीस वर्षांनंतरही ते खालीच आहेत. एकेक स्टेशन म्हणजे एकेक गाव किंवा एकेक देश. एवढं गेममधूनही कळतं. गेममधून कळत नाही ते हे, की पुस्तकात लढाया फार थोड्या आहेत. शेकडो पानं माणसं शेकोटीभोवती बसून बोलत असतात आणि आर्त्योम ऐकत असतो.

वेदेएनखा स्टेशनच्या उत्तरेला, चौकीवर, शेकोटीपाशीच पुस्तक सुरू होतं. पहारेकरी एकमेकांना ऐकीव गोष्टी सांगताहेत: अमुक बोगद्यात माणसं नाहीशी होतात, तमुक स्टेशन उंदरांनी खाल्लं. त्यातली उंदरांची गोष्ट आर्त्योमची स्वतःची आहे. तिमिर्याझेव्स्काया स्टेशनावर उंदरांचा लोंढा आला तेव्हा त्याच्या आईने त्याला एका सैनिकाच्या हाती दिलं. तो सैनिक, सुखोई, पुढे त्याचा मानलेला बाप झाला. आर्त्योमला आईचा चेहरा आठवत नाही. तो आठवायचा प्रयत्न पुस्तकभर चालू असतो, अधूनमधून, सहज बोलता बोलता, आणि दर वेळी हाती काही लागत नाही. ही एक गोष्ट माहीत झाल्यावर गेममधला तो मुका माणूस माझ्यासाठी मुका राहिला नाही.

दुसरी गोष्ट दाराची. लहानपणी आर्त्योम झेन्या आणि वितालिक या दोन मित्रांना घेऊन पलीकडच्या ओसाड बोतानिचेस्की साद स्टेशनात गेला होता. तिथून वर जायचं पोलादी दार त्यांनी उघडलं आणि ते त्यांना परत बंद करता आलं नाही. मोठेपणी वेदेएनखावर जे 'डार्क वन' चालून येतात, ज्यांच्या नुसत्या जवळ येण्याने पहारेकऱ्यांची डोकी फिरतात, ते त्याच दारातून येतात. हे तो फक्त हंटर नावाच्या लढवय्याला सांगतो. हंटर नाहीसा झाला तर 'पोलिस' नावाच्या वस्तीत जाऊन निरोप द्यायचा, हे काम तो अंगावर घेतो त्यामागे हे दार आहे. गेममध्ये हंटर येतो, तोच निरोप देतो, तुम्ही निघता. पुस्तक वाचल्यावर मी तो प्रसंग पुन्हा खेळले तेव्हा हंटरच्या प्रत्येक वाक्याला आर्त्योम मनात काय म्हणत असेल ते मला ऐकू येत होतं. गेमने त्यात काडीची भर घातली नव्हती, मी घालत होते.

माझं काम ध्वनिसंकलनाचं आहे. दिवसभर हेडफोन लावून लोकांच्या बोलण्यातले श्वास आणि मागची घरघर ऐकायची. त्यामुळे असेल, पण पुस्तकात मला सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते पाइपांनी. बोगद्याच्या भिंतींवरून जाणारे जुने पाइप, आणि त्यांतून येणारा एक आवाज, जो धड आवाजही नाही. रिझ्स्कायाच्या वाटेवर ताफ्यातल्या माणसांवर तो असा चढतो की त्यांचं भान जातं, आर्त्योमवर नाही. पुढे सुखारेव्स्कायाहून तुर्गेनेव्स्कायाकडे जाताना त्याच्याबरोबरचा बूर्बन असंबद्ध बडबडायला लागतो आणि चालता चालता मरून पडतो. कुणी मारलं नाही. काही दिसलं नाही. अंधार आहे, पाइप आहेत, आणि एक धट्टाकट्टा माणूस मेलेला आहे.

तेव्हा आर्त्योमला खान सापडतो, किंवा खानला आर्त्योम. हा स्वतःला चंगेजखानाचा शेवटचा अवतार म्हणवतो. त्याचं म्हणणं असं, की माणसाने त्या युद्धात नुसती पृथ्वीच नाही, स्वर्ग आणि नरकही नष्ट केले. आता मेलेल्यांच्या जिवांना जायला जागा नाही, म्हणून ते इथेच, मेट्रोत राहिले. हे वाक्य गेममध्येही आहे. पहिल्या वेळी ते माझ्या कानांवरून गेलं होतं, कारण तेव्हा मी गोळ्या मोजत होते.

तुर्गेनेव्स्कायाच्या त्याच टापूत पुस्तकात नोसालिसांचे लोंढे नाहीत. ज्याला तोंड द्यायचं ते दिसतच नाही. गेम बनवणाऱ्यांपुढची अडचण मला आता समजते: न दिसणारं, न मारता येणारं भय कंट्रोलर हातात धरलेल्या माणसाला कसं द्यायचं? त्यांनी बूर्बनला गुंडांशी चकमकीत मारलं, कारण गेममध्ये मरणाला कारण लागतं. आणि मग 'घोस्ट्स' नावाच्या टप्प्यात खानबरोबर चालताना पाइपांचा आवाज ठेवला, भिंतीवरच्या सावल्या ठेवल्या, ज्यांना टाकणारी माणसं तिथे नाहीत. हा टप्पा मी आधीही खेळले होते. या खेपेला मी त्यात बराच वेळ काढला. पुढे जायचं सोडून भिंतीला लागून उभी राहिले. आवाजाचे थर नीट ऐकले: तळाशी एक खोल, जवळजवळ छातीत जाणवणारा सूर, त्यावर लांबच्या बोलण्यासारखं काहीतरी, ज्यातला शब्द मात्र एकही सुटा होत नाही. ज्याने कुणी हे रचलं त्याने पुस्तकातलं ते प्रकरण मन लावून वाचलेलं आहे. एका संकलकाला दुसऱ्याचं काम ओळखू येतं.

हा गेम बनवणारा ४ए गेम्स हा युक्रेनमधल्या कीव्हमध्ये सुरू झालेला स्टुडिओ. 'स्टॉकर' गेमवर काम केलेल्या काहींनी बाहेर पडून तो काढला. माझ्याकडे आहे ती २०१४ ची 'रिडक्स' आवृत्ती. या वेळी मी रशियन आवाज लावले, खाली इंग्रजी सबटायटल ठेवली आणि 'रेंजर हार्डकोर' ही अवघड पातळी निवडली. या पातळीवर पडद्यावर काही लिहिलेलं राहत नाही: किती गोळ्या उरल्या, कुठे नेम आहे, काही नाही. मास्कचा फिल्टर किती वेळ टिकेल ते मनगटावरच्या घड्याळात बघायचं. टॉर्च मंदावली की हातातल्या चार्जरचा खटका दाबत बसायचं. हवेच्या दाबावर चालणारी तिखार बंदूक असेल तर तीही पंप करायची. या सगळ्याला वेळ लागतो, आणि तो वेळ अंधारात उभं राहून काढावा लागतो. पुस्तकातल्या चालण्याचा वेग हाच आहे.

गोळ्यांचंही तसंच. इथे पैसा म्हणजे युद्धापूर्वीची लष्करी काडतुसं. मेट्रोत हाताने भरलेली गावठी काडतुसं वेगळी, ती वापरायची. चांगली काडतुसं राखायची. बंदुकीत चांगली भरली तर मारा जबर होतो, पण तुम्ही अक्षरशः पैसा झाडत असता. पुस्तकातही काडतूस हेच चलन आहे, आणि तिथे एका काडतुसाचा हिशोब एका जिवाच्या हिशोबासारखा ऐकू येतो. ते वाचल्यानंतर मी गेममध्ये चांगलं काडतूस बंदुकीत घातलं नाही. बरीचशी भिकाऱ्यांना दिली.

यातूनच मला ती गोष्ट कळली जी गेम कुठेही सांगत नाही. भिकाऱ्याला काडतूस दिलं की पडदा क्षणभर उजळतो आणि एक हलका आवाज येतो. बास. फलक येत नाही, गुण दिसत नाहीत. हेच शत्रूच्या छावणीत अंधारात थांबून सैनिकांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं तरी होतं. एका टप्प्यात साशा नावाच्या लहान मुलाला पाठीवर घेऊन बाहेर काढावं लागतं. त्याच्या वजनाने नेम हलतो, वळताना अंग जड होतं. त्याला सुखरूप पोचवलं की त्याची आई बक्षीस म्हणून काडतुसं देऊ करते. ती घेतली नाहीत तरी तो उजेड दिसतो. हे सगळं आत कुठेतरी मोजलं जातं आणि त्यावर शेवट ठरतो. दादाला हे माहीत होतं आणि त्याने मला सांगितलं नाही, याबद्दल मी त्याची ऋणी आहे. मला ते पुस्तकाने सांगितलं. आर्त्योम शूर नाही, नेमबाज नाही, फार हुशारही नाही. त्याच्याकडे एकच गोष्ट आहे: तो समोरच्याचं पूर्ण ऐकून घेतो, मग समोरचा खान असो, साम्यवादी असो की दारात उभा राहून धर्म सांगणारा असो. गेमने मोजायला नेमकी तीच गोष्ट निवडली.

मग मी थांबायला लागले. रेड लाइन, म्हणजे साम्यवादी, आणि फॅसिस्ट यांच्या लढाईच्या टप्प्यात, जिथे पहिल्या खेळात पोचलेच नव्हते, तिथे दोन पहारेकऱ्यांचं बोलणं संपेपर्यंत पाइपामागे बसून राहिले आणि त्यांना हात न लावता निघून गेले. पुस्तकात या फॅसिस्टांच्या हातून आर्त्योम जवळजवळ फासावर गेला होता. त्याच्याबरोबरचे म्हातारे मिखाईल पोर्फिरिएविच आणि तो मतिमंद मुलगा वानेच्का तिथे मारले गेले. त्यामुळे त्या गणवेशातल्या माणसाला जिवंत सोडणं मला सोपं गेलं नाही. बोट ट्रिगरवर होतं. पण बोलत होते ती साधी माणसं, कंटाळलेली, घरची आठवण काढणारी, आणि पुस्तक वाचताना मला सारखं वाटत होतं की या बोगद्यांत कुणीतरी एकदा तरी गोळी न झाडता पुढे जायला हवं होतं.

पुस्तकातलं पुष्कळ गेममध्ये नाही. पावेलेत्स्कायाची उंदरांची शर्यत नाही. त्या पैजेत हरल्यावर आर्त्योमला हान्सा या व्यापारी स्टेशनांच्या संघाच्या स्टेशनात वर्षभर संडास साफ करायची शिक्षा होते, आणि काही दिवसांनी तो सरळ चालत निघून जातो, कारण त्या वासाच्या माणसाकडे बघायलाही कुणी तयार नसतं. पुस्तकातला माझा सर्वांत आवडता प्रसंग हा आहे. नायक सुटतो तो ताकदीने नाही आणि युक्तीनेही नाही. त्याला माणूस म्हणून मोजणं सगळ्यांनी थांबवलेलं असतं, म्हणून सुटतो. पोल्यान्काही नाही. त्या स्टेशनात दोन माणसं शेकोटीपाशी हुक्का ओढत बसलेली असतात आणि आर्त्योमला सांगतात, की माणूस आपल्या वाटेवर चालत राहिला तर आयुष्याला कथानक येतं, आणि मग ते कथानक पुरं होईपर्यंत त्याला काही होत नाही. नंतर कळतं की पोल्यान्कात कुणीच राहत नाही.

हा प्रसंग गेममध्ये का घेतला नसेल याचा मी पुष्कळ विचार केला. मला वाटतं, गेममध्ये ते आधीच खरं असतं. मी मेले की चेकपॉइंटपासून पुन्हा उभी राहते. माझं कथानक पुरं होईपर्यंत मला खरोखर काही होत नाही. पुस्तकातल्या आर्त्योमला मात्र त्या दोघांवर विश्वास ठेवून, काही खात्री नसताना, चालायचं असतं.

पोलिस गेममध्ये फार थोडक्यात आटपलं आहे. परिषद मदत नाकारते आणि रेंजर सैनिकांचा प्रमुख मिलर, म्हणजे पुस्तकातला मेल्निक, तुम्हाला ग्रंथालयाकडे नेतो. पुस्तकात या चार स्टेशनांच्या वस्तीत लोकांचे चार वर्ण आहेत, नावं थेट आपल्याकडून घेतलेली: ज्ञान सांभाळणारे ब्राह्मण, लढणारे क्षत्रिय, मग व्यापारी आणि सेवक. फरक एवढाच की तिथे वर्ण जन्माने ठरत नाही, वयात आल्यावर ज्याचा त्याने निवडायचा असतो. मॉस्कोच्या जमिनीखाली हे वाचताना मी पुस्तक मिटून काही वेळ बसले. तरीही ब्राह्मण आणि क्षत्रिय एकमेकांना पाण्यात पाहतातच. लेखकाने हे फार समजून लिहिलं आहे.

लेनिन ग्रंथालयाबद्दल मात्र मी गेमच्या बाजूने आहे. पुस्तकात तिथे काळ्या पानांवर सोनेरी अक्षरांत भविष्य लिहिलेला एक ग्रंथ शोधायला जातात, तो सापडत नाही, आणि आर्त्योमला जीव लावणारा दानिला तिथेच संपतो. ते प्रकरण चांगलं आहे. पण गेममधला ग्रंथपाल! कपाटांमधून येणारं ते भलंमोठं धूड समोर आलं की बंदूक चालवायची नाही, पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही. डोळ्याला डोळा भिडवून उभं राहायचं आणि हळूहळू मागे सरायचं. तो बघतो, गुरगुरतो, कंटाळतो, निघून जातो. ही गोष्ट वाचून होत नाही, ती करावी लागते. माझे हात घामाने ओले झाले होते. संपूर्ण गेममध्ये पुस्तकाचा आशय इतक्या थेट कुठेच उतरलेला नाही: समोरचं भयंकर आहे, पण त्याला मारायची गरज नसेलही.

आणि तुर्गेनेव्स्काया. तिथे दादा म्हणाला तेच केलं, मारत बसले नाही. सुरुंग, एअरलॉक, मग खानकडे. एवढंच होतं ते. (ज्यांना शेवट कळायला नको असेल त्यांनी इथून पुढे वाचू नये.)

पुस्तकाचा शेवट ओस्तान्किनोच्या मनोऱ्यावर आहे. आर्त्योम वर चढतो ते डार्क वनच्या वस्तीवर क्षेपणास्त्रांचा नेम धरायला मदत म्हणून. आणि अगदी शेवटी, जेव्हा उशीर झालेला असतो, त्याला कळतं की ते मारायला येत नव्हते. ते बोलायला येत होते. माणसांची मनं त्यांचं बोलणं पेलू शकत नव्हती, आणि ते जो दुभाष्या शोधत होते तो हाच होता, दार उघडणारा पोरगा. सगळ्यांचं ऐकत आलेल्या माणसाला ज्यांचं ऐकायचं होतं त्यांचंच ऐकता आलं नाही. क्षेपणास्त्रं पडतात. पुस्तकात दुसरा पर्याय नाही, आणि नसावाच.

गेममध्ये आहे, पण सगळ्यांना नाही. पुरेसे उजेड साठलेले असतील तरच मनोऱ्यावर तुम्हाला क्षणभर मोकळीक मिळते: नेम धरणारं ते लेझरचं यंत्र तुम्ही गोळी घालून पाडू शकता. नाहीतर ती वेळ येतच नाही, क्षेपणास्त्रं सुटतात. मला मोकळीक मिळाली. मी यंत्र पाडलं. त्यानंतर आर्त्योम जे बोलतो ते ऐकताना मी रडले, आणि मला माहीत आहे की मी त्या गेममधल्या आर्त्योमसाठी रडत नव्हते. पुस्तकातल्यासाठी रडत होते, ज्याला हे करता आलं नाही.

दादाला लगेच फोन केला. तो ऐकत राहिला, मग म्हणाला, "पण पुढचा भाग क्षेपणास्त्रं पडली असं धरूनच सुरू होतो हं." खरं आहे. २०१३ चा 'लास्ट लाइट' पुस्तकाचा शेवटच खरा मानतो. मी पाडलेलं यंत्र त्यात कुठेच नाही. मला याचं वाईट वाटलं, आणि मग पटलंही: तो आर्त्योम आता आपण काय केलं हे जाणून चालणार आहे, आणि मला त्याच्याबरोबर चालायचं आहे.

आज हे लिहिताना आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. ग्लुखोव्स्कीने युक्रेनवरच्या युद्धाला उघड विरोध केला. २०२२ मध्ये रशियाने त्याला फरार आरोपींच्या यादीत टाकलं, आणि २०२३ मध्ये मॉस्कोच्या न्यायालयाने त्याच्या गैरहजेरीत आठ वर्षांची शिक्षा सुनावली. ज्या कीव्हमध्ये त्याच्या पुस्तकाचा हा गेम घडला, तिथले लोक त्या युद्धात खरोखरच भुयारी स्टेशनांत जाऊन राहिले, वरून क्षेपणास्त्रं पडत होती म्हणून. त्या मनोऱ्याचा प्रसंग मी याआधी गेम म्हणून खेळू शकले असते. आता ते शक्य नव्हतं.

'लास्ट लाइट' उतरवून ठेवला आहे. रशियन आवाज, रेंजर पातळी. दादाला बजावून ठेवलं आहे, या वेळी काही म्हणजे काही सांगायचं नाही.